बोलायची परवानगी

हेडसेट खराब नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण आमच्या घरात सुनेनं सांगितलेली गोष्ट आधी सगळे तपासून पाहतात, मग ती खरी होते. कुकरची शिटी असो का विहिरीवरची मोटर, रेणू म्हणून राहिली म्हणजे बिघाड दुसरीकडंच असन, असं धरून चालायचं. तर माइक बंद पडला तेव्हा सगळ्यांनी मिळून हेडसेटलाच फाशी द्यायचं ठरवलं.

तो हेडसेट माझ्या भावानं राखीले चिचगडवरून पाठवला होता. काळा, जाडजूड, तोंडापुढं वाकवायची दांडी असलेला. त्याले हात लावायच्या आधी मले विचारा, असं मी घरात सांगून ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आता आधीचं सांगते. माझं सासर दवनीवाड्याले. मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, धानाची शेती आणि माझ्या नवऱ्याचं, प्रफुलचं, खत-बियाण्याचं दुकान. लग्न झालं त्याच वर्षी प्रफुलनं गोंदियावरून गेमची मशीन आणली आणि टीव्हीले जोडली. एक खातं त्यानं स्वतःचं उघडलं, एक माझ्या नावानं उघडून दिलं. मले तर तेव्हा बटण कोणतं दाबायचं तेही कळत नव्हतं. पण महिनाभरात मी त्याले हरवायले लागली, आणि दिवाळीपर्यंत तर तो माझ्यासंग खेळायलेच तयार नसायचा.

मग आमची एक रीत पडली. बंदुकीचा खेळ असतो तो. चार आपले, चार समोरचे. चौघांपैकी एक जण बाकीच्यांना सांगत राहतो, कोण कुठून येऊन राहिला, कोणी कुठं दबा धरायचा. त्याले कॉल देणं म्हणतात. माझ्या खात्यावरून खेळायची मी, आणि दुसऱ्या कंट्रोलरवर आपलं खातं लावून, हेडसेट घालून बाजूले बसायचा प्रफुल. मी हळूच म्हणायची, मागच्या पायरीवरून येतील, तो माइकात ओरडायचा, मागच्या पायरीवरून येतील. तिकडं गोंदियाचे पोरं म्हणायचे, प्रफुलभाऊ का दिमाग देखो. आणि हा बाप्पा मस्त हसायचा. मीबी हसायची तेव्हा. आता हसू येत नाही.

माझं डोकं त्यात चालायचं त्याले कारण आहे. चिचगडले, माहेरी, आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, जंगलाले लागून. धान निसवला, लोंबी धरली की रानडुकरं येतात. मी शाळेत होती तेव्हापासून बाबांसंग मचानीवर बसायची. डुक्कर कधी सरळ येत नाही. एक जण कुंपणाच्या या टोकाले खुडबुड करतो, आपण तिकडं बॅटरी मारतो, आणि बाकीचा कळप दुसऱ्या टोकानं आत. हे ज्याले कळलं त्याले गेममध्ये शिकायसारखं फार काही राहत नाही. आणि आवाज तर माझा असा की मी मचानीवरून हाक मारली की तलावापल्याडची माणसं उठून बसायची. बाबा म्हणायचे, आमच्या टुरीले भोंगा नाही लागत.

सासरी आल्यावर तो आवाज मी घडी घालून ठेवला. कोणी रागावलं नाही, मारलं नाही. फक्त मामी, म्हणजे माझ्या सासूबाई देवकाबाई, दर वेळी म्हणायच्या, हळू बोल माय, मामाजी बाहेर बसून आहेत. तीन वर्षांत मले हळू बोलायची एवढी सवय झाली की फोनवर माझी आईच विचारायची, तुले बरं नाही का.

या वर्षी प्रफुलले गेमचा कंटाळा आला. त्याले आता मोबाइलवर क्रिकेट पाहिजे. म्हणजे माझे कॉल माइकात सांगणारा कोणी राहिला नाही. त्याच सुमारास इंद्रकुमारचा फोन आला. हा आमच्या टीमचा कॅप्टन, गोंदियाले मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. दिवाळीनंतर नागपूरले मोठी स्पर्धा होती आणि त्याले कॉल देणारा पाहिजे होता, म्हणून तो प्रफुलले विचारून राहिला होता. मी फोन घेतला आणि सांगितलं, भाऊ, कॉल मी देत होती. तो म्हणाला, ठीक आहे भाभी, रविवारी भंडाऱ्याच्या टीमसंग मॅच आहे, त्यात स्वतः बोलून दाखवा. नाही जमलं तर तुमच्या जागी कैलाशले घेतो.

एवढंच होतं सगळं. रविवारी बोलली तर मी नागपूरले, नाही बोलली तर कैलाश. आणि पुढं जन्मभर सगळे म्हणणार, डोकं प्रफुलचंच होतं.

आणि माइक बंद.

मले त्यांचं सगळं ऐकू येऊन राहिलं होतं. इंद्रकुमार, ओमेश, तो एक्स्ट्राचा कैलाशसुद्धा. माझं मात्र त्यांना एक अक्षर ऐकू जात नव्हतं. मी दुसरीकडून दुश्मन येताना पाहायची, पुन्हा पुन्हा सांगायची, आणि ओमेश तिकडं गाणं गुणगुणत मरायले चालला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

वायर काढून घातली. पिन कंट्रोलरमध्ये पुरती बसली नसन म्हणून दाबून बसवली. वायरवर एक बारीक बटण असते आवाज बंद करायचं, ते मागंपुढं करून पाहिलं. मशीन बंद करून चालू केली. तोच हेडसेट मोबाइलले लावला आणि भावासंग बोलली, त्याले टकाटक ऐकू गेलं, वरून त्यानं विचारलं, मामीनं पुन्हा काही म्हटलं का, आज जोरात बोलून राहिली. म्हणजे हेडसेट चांगला. मग मशीनच्या सेटिंगमध्ये गेली. तिथं आवाजाची एक हिरवी पट्टी असते, आपण बोललो की ती वर उडते. मी हॅलो म्हटलं, पट्टी उडाली. मी गप्प, पट्टी खाली. म्हणजे मशीनलेबी माझा आवाज ऐकू येऊन राहिला होता. तिथून पुढं जात नव्हता, एवढंच.

हे मी जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. प्रफुल म्हणाला, नवा घेऊन देतो, याची क्वालिटीच हलकी आहे. भावानं दिलेल्या वस्तूले हलकी म्हणायची गरज नव्हती. मामी म्हणाल्या, डोक्यावरची ओढणी त्या दांडीत अडकत असन. कारण त्यांच्या हिशेबानं हेडसेटवरूनसुद्धा ओढणी पाहिजे, दार उघडं असते ना. आणि मामाजी भात कालवता कालवता म्हणाले, "खेळ हातानं होते ना? मग बोलाचं कायले?"

रोग रेड्याले आणि औषध पखालीले. मी ताट उचललं आणि आत गेली.

इंद्रकुमारनं तर हद्दच केली. मी त्याले मोबाइलवर मेसेज टाकून सगळं सांगितलं, पट्टीचंही सांगितलं. त्याचं उत्तर आलं, भाभी, थोडा ज़ोर से बोल के देखो, लेडीज़ की आवाज़ माइक पकड़ता नहीं. मले! जिच्या आवाजानं डुकरं पळायची तिले हा सांगून राहिला जोरात बोल म्हणून. मी फोन गादीवर आपटला.

रविवारी जेवणं झाल्यावर मी मशीन लावली. मॅचले अजून वेळ होता. टीमच्या खोलीत जायचं बटण दाबलं की दर वेळी पडद्यावर एक चौकट यायची, इंग्रजीत काहीतरी लिहिलेली, खाली ओके. आता असल्या चौकटी कोण वाचते? बँकेत येतात, गॅसचा नंबर लावताना येतात, आपण ओके दाबतो आणि पुढं जातो. तीन वर्षं मीबी तेच केलं होतं. त्या दिवशी मात्र डोकं इतकं तापलेलं होतं की मी अंगठा आवरला आणि ते वाचलं. देवरीच्या कॉलेजात मी बी. ए. केलं, इंग्रजी काही डोंगर नाही.

लिहिलं होतं, या खात्याले दुसऱ्यांशी बोलायची परवानगी नाही. परवानगीसाठी तुमच्या पालकाले विचारा.

पालक? माझे बाबा तर चिचगडले. त्यांना मशीनचं नावही माहीत नाही. मी सेटिंगमध्ये शोधत शोधत गेली आणि एका पानावर थांबली. वर प्रफुलचं नाव, त्याच्यापुढं पालक. खाली माझं नाव. त्याच्यापुढं लिहिलेलं, लहान मूल. वय वर्षं तीन.

जन्मतारीख पाहिली. आमच्या लग्नाची तारीख होती.

आधी मले हसूच फुटलं. एकटीच खदखदून हसली. लग्न लागलं त्या दिवशी जन्मलेली, तीन वर्षांची रेणू. घरचं आवरते, दोन वेळचा स्वयंपाक करते, बंदूक चालवते, आणि बोलायची तिले मनाई. मग हसता हसता कधी राग आला ते कळलंच नाही. मी दुकानात फोन लावला आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी या.

प्रफुल धावतच आला, त्याले वाटलं मामाजींना काही झालं. मागून मामी आल्या. मामाजीबी ओसरीवरून उठून दारापाशी उभे राहिले. मी पडद्याकडं बोट दाखवलं. प्रफुलनं वाचलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"एवढंच ना? मी घाबरलो ना बे. दोन मिनिटांचं काम आहे."

त्यानं सांगितलं ते असं. खातं उघडताना मशीननं माझी जन्मतारीख विचारली. त्याले ती माहीत नव्हती. मी तेव्हा मामींसंग शेतात धानाच्या रोवणीवर होती, फोन घरी. लग्नाची तारीख पक्की पाठ होती, आणि मामींनी गृहप्रवेशाच्या वेळी सगळ्या बायांसमोर म्हटलंच होतं की आजपासून सुनेचा नवा जन्म. त्यानं तीच टाकली. मशीननं विचारलं, लहान मूल आहे, पालक कोण? त्यानं स्वतःचं नाव टाकलं. खेळाची परवानगी मागितली, ती दिली. बोलायची परवानगी तिथंच कुठंतरी खाली होती, तिकडं त्याचं ध्यान गेलं नाही. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही सांगते. खेळायची परवानगी दिली, बोलायची राहून गेली, एवढंच झालं त्याच्या लेखी.

"आण इकडं, देऊन देतो परवानगी," तो म्हणाला आणि माझ्या हातातलं कंट्रोलर घेतलं. पानावर तो पोचलाबी. त्याचा अंगठा बटणावर टेकणार, तेवढ्यात मी कंट्रोलर ओढून घेतलं.

"नको," मी म्हटलं. "परवानगी नको मले."

"अवं पण मॅच आहे ना तुझी?"

"आहे. आधी माझी जन्मतारीख सांगा."

प्रफुलनं मामींकडं पाहिलं, जसं काही त्यांनी मले जन्म दिला. मामी म्हणाल्या, पावसाळ्यातली आहे ना? मामाजी चष्मा पुसायले लागले. तीन वर्षांत या घरात मामाजींचा वाढदिवस झाला, प्रफुलचा झाला, दुकानाचासुद्धा नारळ फोडून झाला. लग्नाच्या वाढदिवसाले मले साडी आली आणि सगळ्यांच्या हिशेबानं माझं तेवढ्यात भागलं. मीबी कधी तोंडानं सांगितलं नाही. आपल्या तोंडानं काय सांगायचं, असं वाटायचं.

"चौदा जुलै," मी म्हटलं. "माझी माय रोवणीत होती. बांधीतून उठून घरी गेली आणि मी झाली. हा माझा जन्म. एकच आहे. दुसरा झाला नाही."

मी मशीनवर नवं खातं उघडायले घेतलं. तेव्हा प्रफुल खरंच काळजीनं बोलला. म्हणाला, विचार कर, जुन्या खात्यात तीन वर्षांची कमाई आहे तुझी. वरची लेव्हल, सगळ्या बंदुका. नवीन खात्यात एक गावठी बंदूक भेटन आणि पहिल्याच झटक्यात मरशीन. इंद्रकुमार तुले काढून टाकन. एक बटण तर दाबाचं आहे मले, त्यात तुझं काय जाते?

खोटं नव्हता बोलून राहिला. त्या बंदुका मी रात्र रात्र जागून मिळवल्या होत्या. आणि नागपूर तर माझ्या डोळ्यांपुढून सरकून चाललं होतं. एक बटण. पण ते बटण त्याच्या खात्यात होतं. आज तो चांगला आहे म्हणून दाबन, उद्या भांडण झालं तर काढून घेन, आणि नाही काढलं तरी मले दर वेळी आठवन की मी बोलून राहिली ते कोणाच्या मेहेरबानीनं. गेली तर गेली बंदूक, मी म्हटलं मनात. नाव टाकलं. चौदा जुलै टाकली, माझं खरं साल टाकलं. मशीननं काही म्हणजे काही विचारलं नाही. पालक नाही, परवानगी नाही. सरळ आत घेतलं.

टीमच्या खोलीत गेली तर इंद्रकुमार ओरडलाच. ये कौन घुस गया? शून्य लेव्हल? मी म्हटलं, मी रेणू आहे भाऊ. तिकडं ओमेश म्हणाला, अरे, आवाज़ आ रही है!

इंद्रकुमारले आनंद झाला, पण माझी गावठी बंदूक पाहून तो उतरला. म्हणाला, भाभी, इससे तो चिड़िया नहीं मरेगी, कैलाश तयार बसून आहे, त्याले घेतो, तुमचं पुढच्या वेळी पाहू. पुढची वेळ म्हणजे काय असते ते मले चांगलं माहीत आहे.

"कैलाशले बसू द्या," मी म्हटलं. "एक डाव माझा पाहा. मी मेली तरी चालन, पण बोलणार मीच."

आणि मी मेली. पहिल्याच झटक्यात, प्रफुल म्हणाला तसंच. मागं खाटेवर तो बसून होता, त्यानं च्च केलं. पण त्या खेळात मेलेल्याले पाहता येते आणि बोलताही येते. भंडाऱ्याचा एक जण पुढच्या दारापाशी उगाच गोळ्या झाडून राहिला होता, आणि आमचे तिघंही तिकडंच धावून राहिले होते. मी तो डाव ओळखला. कुंपणाच्या टोकाले खुडबुड.

"तिकडं नका जाऊ! तो नुसता आवाज करून राहिला. मागं फिरा, गोदामाच्या बाजूनं येतील तिघं. ओमेश, तू पायरीखाली बस. हलू नको. हलू नको म्हटलं ना!"

हे मी घडी घातलेल्या आवाजात नाही म्हटलं. तो आवाज कुठून निघाला मलेच कळलं नाही, पण मचानीवरचाच होता. स्वयंपाकघरात मामींच्या हातातली पळी पडल्याचं ऐकू आलं. ओमेश हलला नाही. ते तिघं गोदामाच्या बाजूनं आले आणि आमच्यात सापडले.

तो डाव आम्ही घेतला. दुसरा हरलो, कारण इंद्रकुमारनं माझं ऐकलं नाही आणि मी त्याले तसं तोंडावर म्हटलं. त्यानंतर तो ऐकायले लागला. तोपर्यंत माझी ओढणी खांद्यावर आली होती आणि ती वर घ्यायले माझा हात रिकामा नव्हता.

तिसरा डाव घेतल्यावर इंद्रकुमारनं दम खाल्ला. मग हळूच विचारलं, "भाभी, सच बताना. पहले वाले कॉल भी आप के ही थे ना? सब के सब?"

प्रफुलले हेडसेटमधलं ऐकू येत नव्हतं. माझं मात्र ऐकू जाणार होतं. मी त्याच्याकडं पाहिलं. त्याले काय वाटन, हा विचार मनात आला, खोटं कायले बोलू. तीन वर्षं तो हसत होता आणि मी त्याले हसू दिलं होतं.

"हव," मी जोरात म्हटलं. "सगळे माझेच होते."

प्रफुलनं मान खाली घातली. उठून गेला नाही मात्र. इंद्रकुमार म्हणाला, नागपूरचं नाव उद्या टाकतो, ज़रा अच्छी वाली बंदूक कमा लो तब तक.

चौथ्या डावाची तयारी चालू होती तेव्हा मामाजी दारात आले. एवढ्या वर्षांत ते माझ्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत कधी आले नव्हते, आज दुसऱ्यांदा आले. त्यांनी खाकरून घेतलं, माझ्या उघड्या डोक्याकडं पाहणं टाळलं आणि भिंतीकडं पाहत म्हणाले, "सूनबाई, आवाज चौकापर्यंत येऊन राहिला ना. लोकं थांबून पाहून राहिले."

मी माइकची दांडी तोंडापुढून बाजूले केली, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून.

"येऊ द्या मामाजी," मी म्हटलं. "चिचगडले तर तलावापल्याड जात होता."

ते तिथंच उभे राहिले. मी दांडी पुन्हा तोंडापुढं घेतली आणि ओमेशले पायरीखाली बसवलं.